हाताने बदलायचा स्वर : हार्प-संगीताच्या रूपांतराचा मागोवा

हार्पला एका सप्तकात सातच तारा असतात आणि युरोपच्या संगीताला स्वर लागतात बारा. उरलेले पाच स्वर आणायचे कुठून, या प्रश्नाभोवती या वाद्याचा गेल्या सुमारे साडेतीनशे वर्षांचा इतिहास फिरत आला आहे. पियानोने काळ्या पट्ट्या बसवून हा प्रश्न सोडवला. हार्पला ते सोपे नव्हते. तारा वाढवाव्यात तर बोटांना त्या ओळखणे आणि गाठणे अवघड. म्हणून तार तीच ठेवून तिची लांबी थोडी कमी करायची आणि स्वर अर्ध्या पायरीने चढवायचा, ही युक्ती पुढे आली. आधी हाताने फिरवायचे आकडे आले, मग पायाने दाबायची पेडल आली आणि त्याच कामासाठी हाताने उचलायची लिव्हरही आली.

आज जगात दोन प्रकारच्या हार्प प्रामुख्याने वाजतात. सिंफनी वाद्यवृंदात दिसणारी 47 तारांची, 35 ते 40 किलो वजनाची पेडल हार्प ही एक. दुसरी, साधारण 34 ते 38 तारांची, एकट्या माणसाला उचलता येईल अशी लिव्हर हार्प. पहिलीची किंमत चांगल्या मोटारगाडीएवढी असते, दुसरीची तिच्या काही अंशाने. त्यामुळे शिकणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी दुसरीच असते. विसाव्या शतकातले नवे आणि धाडसी हार्प-संगीत मात्र बहुतांशी पहिलीसाठी लिहिले गेले. लिव्हर हार्पवाल्याने ते वाजवायचेच नाही का? वाजवायचे तर त्यात काय बदलावे लागते, आणि त्या बदलानंतर मूळ रचनेचे काय उरते? या लेखात मी या प्रश्नांचा मागोवा घेतो आहे.

मी हार्पवादक नाही. हात बसला आहे तो पेटीवर. पाश्चात्त्य स्वरलेखन पुस्तके समोर ठेवून स्वतःच शिकलो. गेली काही वर्षे हार्पच्या छापील प्रती मिळवून वाचतो आणि 36 रेघा ओढलेल्या कागदावर त्यातल्या स्वरांचा हिशेब मांडतो. माझे काम कागदावरचे आहे, पण रूपांतराचा निम्मा भाग कागदावरच ठरतो.

आपल्याकडची हरवलेली वीणा

हार्प आपल्याला परकी वाटते, पण तशी ती नाही. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांतल्या विहारात एक शिल्पपट आहे. त्यात नर्तकीशेजारी धनुष्याकृती वीणा वाजवणारी वादक दिसते. चौथ्या शतकातला सम्राट समुद्रगुप्त आपल्या सुवर्णनाण्यावर मांडीवर घेऊन वाजवतो तीही हीच वीणा. त्या काळी ‘वीणा’ म्हणजे अनेक मोकळ्या तारांची हार्प. दांडीवर तार दाबून हवा तो स्वर काढता येणारी वाद्ये आली आणि तिच्यापुढे ही वीणा मागे पडली. मध्य प्रदेशातल्या मंडला भागातील प्रधान गायकांचा ‘बीनबाजा’ हा तिचा भारतात उरलेला दुर्मीळ वंशज. एका तारेला एकच स्वर, ही अडचण आपल्याकडेही होती. आपण ती वाद्य बदलून सोडवली, युरोपने वाद्यात यंत्र बसवून.

आकडा, पेडल आणि मोझार्टची हार्प

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात टिरोलच्या डोंगराळ प्रदेशात हार्पच्या मानेवर, तारांच्या वरच्या टोकाशी, छोटे धातूचे आकडे बसवले जाऊ लागले. आकडा फिरवला की तो तारेला टेकतो आणि स्वर अर्ध्या पायरीने चढतो. आकडा फिरवायला हात मात्र तारांवरून काढावा लागे. 1720 च्या सुमारास बव्हेरियातल्या डोनाउव्हर्थ गावचा कारागीर याकोब होखब्रुकर याने हे काम पायांकडे सोपवले. पेडल दाबले की आतल्या तारांच्या जोडणीतून त्या नावाच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम चढत. दोन्ही हात वाजवायला मोकळे राहिले.

या पहिल्या पेडल हार्पला प्रत्येक तारेसाठी दोनच स्थाने होती, मूळ स्वर आणि अर्ध्या पायरीने वरचा. ती ‘ई फ्लॅट’मध्ये, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत काळी दोन पट्टीत, मिळवली जाई. मोझार्टने 1778 साली पॅरिसमध्ये बासरी आणि हार्पसाठी लिहिलेला प्रसिद्ध कॉन्चेर्टो याच जातीच्या हार्पसाठी होता.

पुढे सेबास्तियाँ एरार याने 1810 साली लंडनमध्ये ‘डबल अॅक्शन’ हार्पचे पेटंट घेतले. तिच्यात प्रत्येक पेडलला तीन स्थाने आली: फ्लॅट, नॅचरल आणि शार्प. सात पेडल, प्रत्येकाची तीन घरे, त्यामुळे कोणतीही पट्टी हाताशी आली. आजची पेडल हार्प मुळात हीच आहे.

आजची लिव्हर हार्पही बहुतेकदा ‘ई फ्लॅट’मध्येच मिळवतात आणि तिच्याही प्रत्येक तारेला दोनच घरे असतात. म्हणजे स्वरांच्या बाबतीत ती मोझार्टच्या हार्पएवढीच समर्थ आहे. तिला नाहीत ते पाय. लिव्हर हार्प ही पेडल हार्पची अपुरी आवृत्ती आहे, असा एक समज संगीतशिक्षणात मुरलेला आहे. इतिहास तसे सांगत नाही. एका मुक्कामावरून दोन रस्ते फुटले. एक तीन घरांच्या पेडलकडे गेला, दुसरा हातापाशीच राहिला.

हा दुसरा रस्ता डब्लिनमधून जातो. तिथला हार्पकार जॉन ईगन याने 1819 च्या सुमारास लहान ‘पोर्टेबल आयरिश हार्प’ बनवली. तिच्यावर स्वर बदलायची सोय हाताने चालणारी होती. तिच्यातली एक कवी थॉमस मूर याच्याकडे होती. विसाव्या शतकात या लहान हार्पला नवे आयुष्य मिळाले. स्कॉटलंडमध्ये 1931 साली क्लारसाख सोसायटी स्थापन झाली, आयर्लंडमध्ये 1960 साली ‘कार्ड्या ना क्रुत्चा’ ही हार्पप्रेमींची संस्था. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले जॉर कोशव्हेलू यांनी 1953 साली आपल्या मुलासाठी एक केल्टिक हार्प बनवली. तो मुलगा पुढे अॅलन स्टिव्हेल या नावाने गाजला. त्याच्या 1971 च्या ध्वनिमुद्रिकेने ही हार्प लोकसंगीताच्या बाहेरच्या तरुण श्रोत्यांपर्यंत नेली. वाद्य परत आले. पण वाजवायला काय होते?

बेलफास्ट, 1792

जुने संगीत होते, पण ते एका रूपांतरातून गेलेले होते. ती कथा सांगितल्याशिवाय आजच्या रूपांतराबद्दल बोलता येणार नाही.

जुलै 1792 मध्ये बेलफास्टला आयर्लंडच्या उरल्यासुरल्या हार्पवादकांचा मेळावा भरला. दहा आयरिश आणि एक वेल्श वादक आले. त्यातले बरेच वृद्ध आणि अंध. डेनिस हेम्पसन याचे वय 97 सांगितले जाई. धातूच्या तारा लांब नखांनी छेडण्याची जुनी पद्धत त्याच्या एकट्याकडे उरली होती. त्यांचे वादन लिहून घेण्याचे काम एडवर्ड बंटिंग या 19 वर्षांच्या ऑर्गनवादकाकडे दिले गेले. जुन्या चालीत एकही स्वर पदरचा घालू नये, अशी त्याला ताकीद होती.

बंटिंगने लिहून घेतले आणि पुढे खेडोपाडी फिरून आणखी जमवले. 1796, 1809 आणि 1840 असे तीन संग्रह त्याने छापले. पहिल्यात 66 चाली होत्या. पण विकत घेणारे लोक पियानोवाले होते, म्हणून त्याने चाली पियानोसाठी बसवल्या. डाव्या हाताला पियानोला शोभेल अशी साथ दिली, काही चालींच्या पट्ट्या बदलल्या. हेम्पसनच्या हार्पला ना आकडे होते ना पेडल. तिच्यावर वाजूच शकणार नाहीत असे स्वर तिच्याच नावावर छापले गेले. मूरने आपल्या ‘आयरिश मेलडीज’साठी यातल्या कित्येक चाली उचलल्या आणि त्या घरोघरी पोचल्या.

पुढे विसाव्या शतकातल्या हार्पवाल्यांना आपलेच संगीत पियानोच्या पुस्तकातून उलटे हार्पवर आणावे लागले. सुदैवाने बंटिंगच्या कच्च्या वह्या टिकल्या. आज त्या बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात आहेत. शार्लट मिलिगन फॉक्स यांनी 1911 मध्ये त्या कागदपत्रांवर पुस्तक लिहिले. पुढे ग्रानिया येट्स यांच्यासारख्या वादक-संशोधकांनी त्या वह्यांच्या आधारे जुन्या धातूच्या तारांवर त्या चाली पुन्हा वाजवल्या.

बंटिंगला दोष देणे सोपे आहे. त्याने रूपांतर केले नसते तर चाली त्या काळात पसरल्याच नसत्या. मला खटकते ते वेगळे. त्याच्या छापील पानावरून मूळ काय आणि पदरचे काय, हे वाचकाला कळत नव्हते. वह्या जळाल्या असत्या तर ते कायमचे कळले नसते.

दोन घरांचा हिशेब

आता आजच्या कामाकडे येतो. पेडल हार्पची एखादी आधुनिक रचना लिव्हर हार्पवर आणायची तर पहिला प्रश्न वाजवण्याआधीच सोडवावा लागतो: कोणत्या तारेला कोणती दोन घरे द्यायची? ‘ई फ्लॅट’मध्ये मिळवली की ‘बी’, ‘ई’ आणि ‘ए’ या तारा फ्लॅट किंवा नॅचरल होतात, आणि ‘एफ’, ‘सी’, ‘जी’, ‘डी’ या नॅचरल किंवा शार्प. यातून आठ मेजर पट्ट्या मिळतात. बारापैकी एकही स्वर वर्ज्य नाही, पण प्रत्येक स्वर हव्या त्या तारेवर मिळत नाही. ‘डी फ्लॅट’ हवा असेल तर तो ‘सी शार्प’ म्हणून शेजारच्या तारेवर घ्यावा लागतो, आणि मग त्या क्षणी ‘सी’ मोकळा राहत नाही.

याचा परिणाम कुठे किती होतो, हे झंकाराच्या उदाहरणावरून कळते. सर्व तारांवरून बोट ओढायचे, याला ग्लिसांडो म्हणतात. सहा समान पायऱ्यांचा ‘होल टोन’ ग्लिसांडो लिव्हर हार्पवर सहज जमतो: ‘सी’ आणि ‘डी’ तसेच ठेवायचे, ‘ई’, ‘एफ’ आणि ‘जी’ची लिव्हर उचलायची, ‘ए’ आणि ‘बी’ खालीच. ‘जी शार्प’ आणि ‘ए फ्लॅट’ हा एकच स्वर, त्यामुळे सात तारांवर सहा स्वर बसतात. ‘डिमिनिश्ड सेव्हंथ’चा ग्लिसांडो मात्र अडतो. ‘सी’, ‘ई फ्लॅट’, ‘एफ शार्प’ आणि ‘ए’ एवढेच चार स्वर सात तारांवर बसवायला ‘जी’ फ्लॅट आणि ‘बी’ शार्प लागते. पेडलला तिसरे घर असल्याने ते जमते, लिव्हरला नाही. एक झंकार फुकट मिळतो, दुसरा मिळतच नाही. असे प्रत्येक ओळीत तपासावे लागते.

दुसरा हिशेब वेळेचा. पेडलवाला हात न थांबवता दोन पायांनी दोन पेडल एकदम बदलू शकतो. लिव्हरवाल्याचा डावा हात तारा सोडून मानेपर्यंत जातो. मध्यम लयीत एका लिव्हरला एक मात्रा, असे मी धरून चालतो. म्हणून डाव्या हाताला कुठे उसंत आहे ते शोधायचे, नाहीतर त्याचे स्वर उजव्याकडे द्यायचे, नाहीतर एखादा स्वर सोडायचा. शिवाय तार वाजत असताना लिव्हर उचलली तर स्वर घसरत वर गेल्याचे ऐकू येते. त्यामुळे बदल गप्प असलेल्या तारेवर करायचा. काही वादक मात्र हीच घसर मुद्दाम वापरतात आणि तिच्यातून आपल्या मींडेच्या जवळ जाणारा परिणाम काढतात.

तिसरा हिशेब खोलीचा. 34 तारांची हार्प मध्य ‘सी’च्या खाली दोन सप्तके उतरून थांबते, पेडल हार्प आणखी एक सप्तक खाली जाते. तिथला खर्ज वर उचलला की स्वर तोच राहतो, वजन जाते. अशा ठिकाणी जाड स्वरसमूह तसाच वर नेण्यापेक्षा त्यातले दोनच स्वर ठेवणे बरे, कारण खालच्या सप्तकात मोकळा वाटणारा समूह वर गर्दी करतो.

लिव्हर हार्पकडे पेडलकडे नसलेली एक गोष्टही आहे. पेडल दाबले की त्या नावाच्या सगळ्या तारा बदलतात. लिव्हर एका तारेची असते. खर्जात ‘एफ’ नॅचरल आणि वरच्या सप्तकात ‘एफ शार्प’ एकाच वेळी हवे असतील, तर पेडलवाल्याला पाय खालीवर नाचवावा लागतो किंवा दुसऱ्या तारेवर पर्याय शोधावा लागतो. लिव्हरवाला वादनाआधी दोन लिव्हर वेगवेगळ्या लावून निवांत बसतो. आपल्याकडे गायक रागाप्रमाणे स्वरमंडळ लावून बैठकीला बसतो, तसेच हे. चांगला रूपांतरकार या सोयीचा वापर करतो. सामान्य रूपांतरकार फक्त काय जमत नाही त्याची यादी करतो.

काय नेता येते, काय नाही

विसाव्या शतकातल्या हार्प-लेखनाला वेगळे वळण कार्लोस साल्झेदो (1885–1961) याने दिले. 1921 च्या आपल्या ‘मॉडर्न स्टडी ऑफ द हार्प’ या ग्रंथात त्याने हार्पच्या नव्या आवाजांना नावे आणि खुणा दिल्या. नखांनी छेडणे, ध्वनिफलकावर बोटांनी ठोकणे, फलकाच्या अगदी जवळ वाजवणे, असे हे आवाज. यातले बहुतेक आवाज लाकूड, तार आणि हात यांचे आहेत. त्यांना पेडल लागत नाही. रचनेतले आधुनिकपण जिथे नादात आहे, तिथे लिव्हर हार्पला फारसे अडत नाही. अडते ते स्वर वेगाने पालटत असतील तिथे. लुचिआनो बेरिओच्या 1963 च्या ‘सिक्वेंझा 2’मध्ये पेडल अखंड हलत राहतात. ती हालचाल काढून घेतली तर रचना उरतच नाही. अशा कृतीला हात न लावणे हाही रूपांतरकाराचा एक निर्णय असतो.

एका वाद्याचे संगीत दुसऱ्यावर नेण्याला कमी लेखणाऱ्यांनी देब्युसीची एक कृती आठवावी. पॅरिसच्या प्लेएल कंपनीने बाराही स्वरांना स्वतंत्र तारा असलेली, पेडल नसलेली ‘क्रोमॅटिक’ हार्प काढली होती. तिच्यासाठी देब्युसीने 1904 मध्ये दोन नृत्ये लिहिली. प्रतिस्पर्धी एरारने लगेच रॅव्हेलकडून पेडल हार्पसाठी ‘इंट्रोडक्शन अँड अॅलेग्रो’ लिहवून घेतले. क्रोमॅटिक हार्प काही दशकांत मागे पडली. देब्युसीची नृत्ये मात्र जिवंत राहिली, कारण पेडल हार्पवाल्यांनी ती आपल्या वाद्यावर आणली. पेडल हार्पच्या मानाच्या संग्रहातले हे रत्न मुळात दुसऱ्या हार्पचे आहे.

परवानगी आणि कपाट

इथे कायद्याचा प्रश्न येतो. भारतीय कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची ‘अॅरेंजमेंट’ हे रूपांतरच मानले आहे आणि त्याचा हक्क मूळ हक्कदाराकडे असतो. आपल्याकडे संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे, युरोपात 70. म्हणून देब्युसी सर्वांना मोकळा आहे. साल्झेदो भारतात मोकळा, युरोपात 2031 अखेरपर्यंत बांधलेला. बेंजामिन ब्रिटनने 1969 साली वेल्श वादक ओसियन एलिससाठी लिहिलेला हार्प सूट युरोपात 2046 संपेपर्यंत संरक्षित आहे. प्रकाशकाची परवानगी नसेल तर शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी खपून केलेले रूपांतर छापता येत नाही, ते कपाटातच राहते. दुसरा शिक्षक तेच कष्ट पुन्हा करतो.

यावर उत्तम उपाय म्हणजे रचनाकाराने स्वतःच दोन्ही हार्प डोळ्यांपुढे ठेवणे. फ्रान्सच्या बेर्नार आंद्रेस यांनी केल्टिक हार्पसाठीही लिहिले. अमेरिकेतल्या डेबोरा हेन्सन-कोनन्ट यांच्या ‘बरोक फ्लमेंको’च्या पेडल आणि लिव्हर अशा दोन आवृत्त्या आहेत. आयर्लंडमध्ये शीला लार्चेट कथबर्ट यांनी 1975 च्या आपल्या ‘द आयरिश हार्प बुक’मध्ये धड्यांबरोबर समकालीन आयरिश रचनाकारांच्या कृती दिल्या. नवे संगीत म्हणजे पुढे कधीतरी पेडल हार्प घेतल्यावर वाजवायची गोष्ट नाही, हे त्यातून विद्यार्थ्याला पहिल्याच पुस्तकात कळले.

तरी रूपांतराची गरज संपणार नाही, कारण पेडल हार्पसाठी लिहून झालेले संगीत अफाट आहे आणि पेडल हार्प घेऊ शकणारी घरे थोडी. माझे म्हणणे एवढेच की प्रत्येक रूपांतराच्या पहिल्या पानावर तीन ओळी असाव्यात: मूळ पट्टी कोणती होती, कोणते स्वर सोडले किंवा सप्तक बदलून घेतले, आणि सुरुवातीला लिव्हर कशा लावायच्या. तिसरी ओळ आजही बहुतेक प्रतींवर असते, कारण तिच्याशिवाय वाजवताच येत नाही. पहिल्या दोन क्वचित दिसतात. त्या असल्या तर पन्नास वर्षांनी हे संगीत तिसऱ्याच कुठल्या वाद्यावर नेऊ पाहणाऱ्याला बंटिंगच्या वह्या शोधत हिंडावे लागणार नाही.